ओढ्याकाठची पट्टी राखा



आपल्या या अंकातून लागणीच्या तारखा, बेण्याची निवड, खोडव्याची खते आणि उसाचा दर यांविषयी नेहमी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र जरा आडवाटेचा विषय मांडतो आहे. विषय आहे रानातल्या जनावरांच्या वाटेचा. "उसाचा आणि कोल्ह्या-लांडग्यांचा काय संबंध?" असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो फार लांब नाही. तो आपल्या बांधापासून सुरू होतो आणि गोठ्यापर्यंत येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझीच चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला मी मोकळा.

माझ्या रानाच्या कडेने एक ओढा जातो. वडिलांच्या काळापासून त्याच्या काठाला बारा-पंधरा फुटांची पट्टी तशीच सोडलेली होती. करंज, निरगुडी, चार बाभळी, खाली घायपात आणि गुडघाभर गवत. पुढे ठिबक आले, ऊस वाढला, आणि ती पट्टी डोळ्यांत सलू लागली. एका उन्हाळ्यात जेसीबी लावला आणि दोन दिवसांत काठ साफ केला. चार सऱ्या वाढल्या. शेजाऱ्याने पाहिले, त्यानेही केले. त्याच्या पलीकडच्यानेही केले. तीन वर्षांत ओढ्याच्या एका अंगाला कोसभर झाड म्हणून उरले नाही.

पुढे काय झाले? पहिल्याच मोठ्या पावसात चारांपैकी दोन सऱ्या ओढ्याने मातीसकट नेल्या. उंदीर-घुशींनी उसाची बुडखे पोखरायला सुरुवात केली. आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या ध्यानीमनी नव्हती. पूर्वी पहाटे मोटार चालू करायला जाताना ओढ्याच्या वाळूत जनावरांची पावले दिसायची. कोल्ह्याची, रानमांजराची, कधी तरसाची. पट्टी गेली आणि तीच पावले आमच्या गोठ्यामागे दिसू लागली. जनावर गेले नव्हते, फक्त त्याची वाट मी मोडली होती आणि नवी वाट माझ्या अंगणातून काढून दिली होती. चार सऱ्यांच्या लोभापायी हा उद्योग केला.

आपला मुलूख मुळात कसा आहे

आपण ऊसवाले म्हणून स्वतःला हिरव्या मुलखातले समजतो. पण बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या काठाने ऊस उभा राहिला. उत्तरेकडे भीमा, पुढे १९८० मध्ये उजनीचे धरण झाले आणि तिकडचीही बाजू भिजली. नकाशा समोर ठेवून पाहा. दक्षिणेला नीरेचा हिरवा पट्टा, उत्तरेला भीमेचा हिरवा पट्टा, आणि दोहोंच्या मधे सुप्यापासून शिर्सुफळ, कळस, कडबनवाडीकडे गेलेला पिवळा माळ. हा माळ म्हणजे आपला मूळ मुलूख. पवन्या, मारवेल आणि कुसळीचे गवत, मधे बोर, तरवड, हिवर.

इंग्रजी अमदानीपासून कागदोपत्री या माळाला 'पडीक' म्हटले गेले. ज्याचा सारा येत नाही ते पडीक, एवढाच त्याचा अर्थ. जनावरांच्या लेखी तो कधीच पडीक नव्हता. चिंकारा हरिण, लांडगा, खोकड, तरस ही सगळी गवताळ माळाची जनावरे. घनदाट जंगलात त्यांचे मन रमत नाही. सुप्याजवळ १९९७ मध्ये मयुरेश्वर अभयारण्य जाहीर झाले ते चिंकाऱ्यासाठी. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ चिंकारा आणि लांडग्यांसाठी ओळखला जातो. २०२४ पासून वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. ज्या माळाकडे आपण पाठ फिरवून बसतो तो पाहायला पुण्या-मुंबईची माणसे पैसे मोजून येतात, याचा थोडा विचार केला पाहिजे.

पण मयुरेश्वर केवढे? अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका टोळीला फिरायला शंभराहून अधिक चौरस किलोमीटर रान लागते. म्हणजे अभयारण्य हे लांडग्याचे घर नव्हे, फार तर ओसरी. त्याचे बाकीचे आयुष्य गायरानात, जिरायती रानांत, ओढ्या-वगळींत, म्हणजेच तुमच्या-आमच्या बांधावरून जाते. माळाचे तुकडे झाले आहेत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला त्याला आडोशाची वाट हवी. वनखाते त्याला भ्रमणमार्ग म्हणते. आपण साध्या भाषेत वाट म्हणू.

जनावर किती चालते, कुठून चालते

रानातले जनावर एका जागी बसून राहते असा आपला समज असतो. तो खोटा आहे. दोन-तीन दाखले देतो.

२००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले. गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव 'आजोबा' पडले आणि पुढे त्यावर मराठी चित्रपटही निघाला. हे आजोबा घाट उतरले आणि रस्ते, वस्त्या, रेल्वेचे रूळ, शेवटी खाडीसुद्धा ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दाखल झाले. अंतर सुमारे १२० किलोमीटर. वाटेत त्यांनी कोणालाही इजा केली नाही.

२०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ असाच निघाला. तेलंगणाच्या सीमेकडची, मग मराठवाड्याची आणि वऱ्हाडाची शिवारे तुडवत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. चाल तेराशे किलोमीटरहून अधिक. हे सगळे कापूस-सोयाबीनच्या रानांतून. दिवसा नाल्याच्या झुडपात पडून राहायचे आणि रात्री चालायचे, असा त्याचा क्रम. २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा वाघ धाराशिव जिल्ह्यात येडशीला प्रकटला आणि पुढे बार्शी तालुक्यात फिरू लागला. येडशी-बार्शी काही परमुलूख नाही. आपल्या इंदापूरपासून सोलापूर जिल्हाच काय तो मधे.

या सगळ्यांतून एकच गोष्ट कळते. जनावराला सलग जंगल लागतेच असे नाही. त्याला लागतो आडोसा, अधूनमधून पाणी, आणि दिवसा अंग टाकायला जागा. ओढा त्याला हे तिन्ही देतो. म्हणून ओढा हा रानाचा राजरस्ता आहे.

आपले धनगर बांधव हे फार पूर्वीपासून जाणतात. दसरा-दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघायचे तर तेही ओढ्याने, गायरानाने, माळाच्या कडेने. मेंढराची वाट आणि लांडग्याची वाट एकच. जुनी धनगर मंडळी एखादे कोकरू गेले तर "त्याचा वाटा त्याने नेला" म्हणून पुढे चालू लागत. आज त्यांनाही मेंढरे काढायला वाट उरलेली नाही. बांध नांगरले गेले, गायराने वेढली गेली, रस्ते रुंद झाले. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग चौपदरी झाला. वारीची सोय झाली, आनंद आहे. पण रस्ता ओलांडणाऱ्या मुक्या जिवाला आता पुलाखालचा ओढा हाच आधार राहिला आहे, आणि तिथेच आपण राडारोडा आणि मेलेल्या कोंबड्या टाकतो.

ऊस: एकाला भिंत, दुसऱ्याला घर

आता मुख्य मुद्द्यावर येतो. उसाचे रान सगळ्या जनावरांना सारखे नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

चिंकारा आणि लांडगा ही लांबवर पाहून जगणारी जनावरे. चिंकाऱ्याची सारी मदार डोळ्यांवर आणि पायांवर. दहा फूट उंच अडसाली ऊस त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा राहतो. त्यात तो शिरत नाही. माळाच्या दोन तुकड्यांमधले जिरायती रान जाऊन तिथे ऊस आला, की त्याची वाट बंद.

बिबट्याचे याच्या उलट. त्याला दबा धरायला दाट आडोसा हवा. ऊस म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष कोणी न हलवणारे रान. आत गारवा, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री-डुकरे. मग तो उसातच राहतो, उसातच पिले घालतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा बागायती मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास मोठे बिबटे आणि तितकेच तरस आढळले. बिबट्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावठी जनावरांचा होता. त्यात निव्वळ कुत्री ३९ टक्के, आणि शेळ्या अवघ्या ११ टक्के. म्हणजे बिबट्याला गावात बोलावणारी चीज आपली शेळी नव्हे. उकिरड्यावरची मोकाट कुत्री त्याला बोलावतात.

आता कोणी म्हणेल, "मग पट्ट्या राखून बिबट्याला आवतण कशाला द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. जुन्नर-शिरूरकडे जे झाले ते आपण वाचले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला तीन आठवड्यांत दोन लहान मुले आणि एक वृद्ध बाई बिबट्याने नेली. त्या घरांपुढे उभे राहून जनावरांच्या प्रेमाची व्याख्याने देण्याची माझी छाती नाही. माणसाचा जीव पहिला. माणसावर चटावलेले जनावर वनखात्याने बंदोबस्तात घेतलेच पाहिजे, त्यात दुमत नाही.

पण तुम्हीच सांगा, त्या भागात बिबट्या कशाच्या आधाराने वाढला? ओढ्याकाठच्या पंधरा फुटांच्या पट्टीने, की हजारो एकर सलग उसाने? बिबट्याला आवतण आपण कधीच देऊन बसलो आहोत. ते उसाच्या रूपाने दिले आहे, आणि ऊस तर आपण सोडणार नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, ऊस तुटल्यावर ते जनावर जाणार कोणीकडे? नोव्हेंबरात गाळप सुरू होते. टोळी फडात शिरते. दोन-चार दिवसांत त्याचे घर जमीनदोस्त. काठाला पट्टी असेल तर ते ओढ्यात उतरते आणि गुपचूप पुढच्या आडोशाला जाते. पट्टी नसेल तर ते उघड्यावर येते. उघड्यावर काय आहे? तुमची वस्ती, तुमचा गोठा, आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्या. बीड आणि अहिल्यानगरकडून आलेली ती माणसे कापडाच्या नि पाचटाच्या आडोशाला लेकरे निजवतात. आपण मोडलेल्या वाटेची किंमत सगळ्यांत आधी ती लेकरे मोजतात.

जुन्नरचा आणखी एक धडा आहे. २००१ ते २००३ या काळात तिथे बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडण्याचा सपाटा लावला होता. हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे पुढच्या अभ्यासात दिसले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बावरते, वाट शोधत फिरते आणि माणसाशी गाठ पडते. तात्पर्य, ज्याला आपली वाट ठाऊक आहे ते जनावर वाट चुकलेल्यापेक्षा कमी धोक्याचे.

पट्टीचा आपल्याला फायदा काय

सहकारातला माणूस हिशेब विचारणारच. म्हणून हिशेब मांडतो.

समजा तुमच्या रानाला ओढ्याची तीनशे फूट लांबी आहे. काठाने दहा फूट पट्टी सोडली तर तीन हजार चौरस फूट, म्हणजे पावणेतीन गुंठे झाले. गुंठ्याला टन धरला तर पावणेतीन टन ऊस गेला. तोही कागदावरचा, कारण काठाच्या सऱ्यांत सावली आणि पाणथळपणामुळे पूर्ण उतारा कधीच पडत नाही. शिवाय ओढ्याचे पात्र मुळात सरकारचे, आणि सातबारावर पोटखराबा म्हणून लिहिलेले क्षेत्र पुष्कळदा हेच असते. आपण सोडतो आहोत त्यातले बरेचसे आपले नव्हतेच.

आता जमेची बाजू. पहिली जमा मातीची. करंज-निरगुडीची मुळे आणि वाळ्या-मारवेलाचे गवत काठ धरून ठेवते. माझ्या दोन सऱ्या कशा गेल्या ते वर सांगितलेच.

दुसरी जमा उंदरांची. उंदीर आणि घुशी उसाचे किती नुकसान करतात हे कोणा सभासदाला सांगायला नको. राजस्थानात सरिस्का येथे अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते. वर्षाचे हजारावर झाले. खोकड आणि कोल्हाही उंदरांवरच पोसतात, घुबड आणि धामण वेगळीच. ही सगळी मंडळी पट्टीत राहतात आणि रात्री आपल्या रानात पाळी करतात. पगार नाही, बोनस नाही. कोल्हा चार कांड्या चावतो, कबूल. पण घुशीच्या मानाने तो हिशेब किरकोळ आहे.

तिसरी जमा सुरक्षिततेची. जनावराची वाट ठरलेली असली की आपल्यालाही ठाऊक असते कुठे सावध राहायचे. वाट मोडली की ते कुठूनही येते.

खर्चाची बाजूही लपवत नाही. रानडुक्कर याच पट्टीने येणार, हे खरे. पण डुकराचे खरे ठाणे सलग उसात असते. पट्टी साफ केल्याने डुकरे गेली असा एकही शिवार मला ठाऊक नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, तिचा अर्ज वेळेत करावा. पण कुंपणात वीज सोडण्याचा अघोरी उपाय कोणी करू नये. त्यात डुकराआधी शेजारचा माणूस मरतो, आणि घरचा कर्ता तुरुंगात जातो. लांडगा कोकरू नेतो हेही खरे. गेल्या जनावराची भरपाई मिळते, पण पंचनामा ताबडतोब व्हायला हवा.

लांडग्याची आणखी एक गोष्ट काळजीची आहे. माळ आक्रसला, वाटा तुटल्या, म्हणून तो उकिरड्यावर येतो आणि गावठी कुत्र्यांत मिसळतो. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. असेच चालले तर नातवंडांना दाखवायला खरा लांडगा उरणार नाही. माणसाला बुजणारे रान जाईल आणि माणसाला न बुजणारे अर्धे कुत्रे येईल. हे आपल्यालाही परवडणारे नाही.

झाडे कुठे लावायची, कुठे नाही

इथे एक इशारा देणे जरूर आहे. पट्टी राखा म्हटले की आपण लगेच वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेतो. पाहुणे येतात, फोटो निघतो. ओढ्याकाठी झाडे ठीक. पण कडबनवाडीसारख्या गवताळ माळावर चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ दाटीने लावली, तर चिंकाऱ्याच्या आणि लांडग्याच्या लेखी ते उसासारखेच झाले, पुन्हा एक भिंत. माळाची वाट माळासारखीच हवी. गवत, मधूनमधून बोर-तरवडीचे झुडूप, आणि लांबवर नजर जाईल असे मोकळे रान. तिथे उपकार करायचा असेल तर वणवा लावू नका आणि नांगर घालू नका. एवढे पुरे.

एकट्याचे काम नव्हे

परदेशातला एक दाखला देऊन समारोपाकडे वळतो. इंग्लंडात पूर्वीपासून शेताच्या बांधावर झुडपांच्या दाट कुंपणाची पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पादन वाढवा, यंत्रे चालवा म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी ती मैलोन् मैल उपटली. पुढे चूक उमगली. १९९७ पासून तिथे जुने कुंपण काढायचे तर आधी स्थानिक कौन्सिलला कळवून परवानगी घ्यावी लागते. ते लोक बीटापासून साखर करतात, आपण उसापासून. चूक मात्र एकच. त्यांनी आधी उपटले आणि मग कायदा केला. आपण कायद्याची वाट न पाहता शहाणे व्हावे.

कारण वाट ही मुळातच सहकारी मालमत्ता आहे. मी एकट्याने तीनशे फूट पट्टी राखली आणि शेजाऱ्याने मोडली, तर माझ्या पट्टीचा अर्थ संपला. जनावर तिथपर्यंत येणार आणि माझ्याच रानात अडकणार. शंभर सभासदांनी एक ओढा सलग राखला तरच ती वाट होते. एका माणसाच्या शेअरवर कारखाना उभा राहत नाही, तसेच हे आहे. हे काम ज्यांना जमेल अशी आपल्या भागातली एकच संस्था आहे, आणि ती म्हणजे कारखाना. ओढ्याच्या दोन्ही काठांचा सभासद त्याच्याच नोंदवहीत आहे. म्हणून पुढील सूचना नम्रपणे मांडतो.

१. प्रत्येक सभासदाने ओढ्याकाठी किमान दहा फूट पट्टी सोडावी. ती जाळू नये, तणनाशक मारू नये. घर आणि गोठा मात्र तिच्यापासून लांब असावा, आणि त्यांच्याभोवतीची झुडपे स्वच्छ ठेवावीत. वाट राखायची ती वस्तीला वळसा घालून, वस्तीतून नव्हे.

२. शेतकी विभागाने गटवार ओढ्यांची यादी करावी. पट्टी कुठे सलग आहे, कुठे तुटली आहे, हे चिटबॉयला एका हंगामात सहज टिपता येईल. नवीन नोंद घेताना ओढ्याच्या पात्रात लावलेला ऊस नोंदू नये.

३. तोडणी वस्तीच्या किंवा रस्त्याच्या बाजूने सुरू करून ओढ्याच्या बाजूला संपवावी. मधे कोंडलेल्या जनावराला ओढ्याकडे निघून जायला जागा राहते. चहूकडून तोडत मधे आणू नये. मुकादमांना हे हंगामाच्या पहिल्या दिवशी सांगावे.

४. फडात बिबट्याची पिले सापडली तर हात लावू नये, फोटोसाठी उचलू नयेत. तेवढी तोड थांबवून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. आई रात्री येऊन पिले नेते. पिले हलवली तर ती शोधत फिरते, आणि तेच जास्त धोक्याचे.

५. कोप्यांसाठी जागा उसाला आणि ओढ्याला चिकटून देऊ नये. तिथे रात्रभर दिवा आणि आडोशाची सोय कारखान्याने करावी. शेतीला वीज दिवसा मिळावी ही आपली मागणी जुनीच आहे, तिला हेही एक कारण जोडावे.

६. मेलेल्या कोंबड्या आणि जनावरे ओढ्यात किंवा पुलाखाली टाकू नयेत, खड्ड्यात पुरावीत. विहिरींना कठडे बांधावेत. पाचट जाळू नये, हे तर कारखाना जमिनीसाठी सांगतोच आहे. त्या जाळात सशाची, मुंगसाची, रानमांजराची पिलेही जातात.

माझ्यापुरते सांगायचे तर उरलेल्या दोन सऱ्या मी मोडल्या. काठाला करंज आणि वाळा लावला, गवताला हात लावला नाही. शेजाऱ्याला सांगायला गेलो तेव्हा तो हसला. म्हणाला, "तात्या, साफ करायला तूच शिकवलंस, आता राखायलाही तूच शिकवणार काय?" मी म्हटले, "होय बाबा, शिकवतो. तेव्हा चुकीचे शिकवले, म्हणूनच आता पुन्हा आलो." त्याने अजून होकार दिलेला नाही. पण या हंगामात त्याने जेसीबीही बोलावला नाही. एवढ्यावर मी समाधान मानले आहे.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. उसाने आपल्याला घरे दिली, शाळा-कॉलेजे दिली, मुलांना शिकवले. त्याचे उपकार आहेतच. पण तो बांध खाऊन, ओढा खाऊन, माळ खाऊन वाढू लागला तर त्या गोडीचे शेवटी कडू होते. येत्या वार्षिक सभेत दर आणि रिकव्हरी यांवर आपण बोलणारच आहोत. त्यातली दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, आणि निदान एक ओढा उगमापासून नदीपर्यंत राखण्याचा ठराव करावा, अशी संचालक मंडळाला आणि आपणा सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद